आटवलेले प्रेम आणि वाढवलेले भाग

इंग्रजीत ज्याला 'स्लो बर्न' म्हणतात त्याला मराठीत शब्द काय, असा प्रश्न गेल्या वर्षी बी.ए.च्या एका विद्यार्थिनीने मला विचारला. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी मोबाइलवर तैवानच्या मालिका पाहतात. भाषा कळत नाही, खाली येणारी इंग्रजी अक्षरे वाचता वाचता इंग्रजी थोडे सुधारते आहे, असे त्यांचे म्हणणे. देवणीसारख्या तालुक्याच्या गावी, जिथे अजून 'तुमचं गाव कोणतं' म्हटल्यावर समोरचा आधी गाय आठवतो आणि मग गाव, तिथे तैपेई शहरातल्या तिशीच्या बाईच्या प्रेमाची चर्चा वर्गाबाहेरच्या कट्ट्यावर चालते, याचे मला प्रथम हसू आले. नंतर मी ती मालिका पाहिली. आणि शब्दाचा प्रश्न मात्र डोक्यात राहिला.

शब्द आपल्याकडे आहे, फक्त तो अलंकारशास्त्राच्या पुस्तकात पडून आहे. साहित्यशास्त्राने विप्रलंभ शृंगाराचे चार प्रकार सांगितले : पूर्वराग, मान, प्रवास आणि करुण. यांपैकी पूर्वराग म्हणजे मीलनापूर्वीची ओढ. एकमेकांना पाहिले आहे, मन गुंतले आहे, पण अजून काही घडलेले नाही. 'स्लो बर्न' म्हणजे लांबवलेला पूर्वराग, इतकेच. घरगुती शब्द हवा असेल तर 'आटवणे' घ्यावा. मंद आचेवर दूध ठेवायचे, ढवळत राहायचे, आणि पाव शेर उरेपर्यंत धीर धरायचा. आच वाढवली की दूध तळाला लागते. कंटाळून पाणी ओतले की दूध वाढते, पण बासुंदी होत नाही. या लेखात पुढे ज्या तक्रारी येणार आहेत, त्यांतल्या बहुतेक या दुसऱ्या प्रकारच्या आहेत.

मुलींनी मला दाखवलेली मालिका २०११ सालची. 'इन टाइम विथ यू' हे तिचे परदेशी नाव. मूळ चिनी नावाचा अर्थ 'मी बहुधा तुझ्यावर प्रेम करणार नाही' असा होतो. मला तो 'बहुधा' फार आवडला. चेंग यू-चिंग ही पादत्राणांच्या कंपनीत नोकरी करणारी, नुकतीच तीस पूर्ण करणारी स्त्री आणि ली दा-रेन हा तिचा शाळेपासूनचा मित्र. पस्तिशीच्या आत आधी लग्न कोणाचे होते, यावर दोघे पैज लावतात. मालिकाभर दोघे एकमेकांच्या आयुष्याचे साक्षीदार असतात, एकमेकांच्या प्रेमप्रकरणांवर टीकाटिप्पणी करतात, आणि प्रेक्षकाला पहिल्या अर्ध्या तासात जे कळते ते त्यांना कळायला वर्षे लागतात. भाग फक्त तेरा. आठवड्याला एक. २०१२च्या गोल्डन बेल पुरस्कारांत उत्कृष्ट मालिका, अभिनेता आणि अभिनेत्री हे तिन्ही मान तिला मिळाले. तेरा हा आकडा वाचून माझ्या पिढीला आपले दूरदर्शन आठवेल. तेव्हाच्या मालिकाही तेरा आठवड्यांच्या मापात बेतलेल्या असत. लेखकाला शेवट कुठे आहे हे लिहायला बसतानाच ठाऊक असे. उशीर किती करायचा हे त्यालाच ठरवता येते, ज्याला आपण कुठे पोहोचणार आहोत हे माहीत असते.

आपल्याकडे असे एकदा नीट जमले होते, आणि तेही दैनंदिन मालिकेत. २०१२ साली 'झी मराठी'वर 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' आली. दिग्दर्शक सतीश राजवाडे. घना म्हणजे स्वप्नील जोशी आणि राधा म्हणजे मुक्ता बर्वे. दोघांनाही लग्न नको आहे, दोघांच्याही घरून लग्नाचा तगादा आहे, म्हणून दोघे आपसांत करार करून लग्न करतात आणि काही काळाने वेगळे होण्याचे ठरवतात. घनाचे घर म्हणजे काळ्यांचे भरलेले एकत्र कुटुंब. राधाला माणसांच्या गर्दीची सवय नाही. कल्पना नवी नव्हती, कराराच्या लग्नाच्या कथा जगभर आहेत. नवे होते ते असे की मालिकेतल्या दोन माणसांना बोलायला विषय होते. ती भांडत, चेष्टा करत, एकमेकांचे ऐकत. मराठी मालिकेतला नवरा बायकोचे म्हणणे मधे न तोडता पूर्ण ऐकतो आहे, हे दृश्य तेव्हा माझ्या आईला इतके अपूर्व वाटे, की ती म्हणायची, ''अगं, त्याला काम-धंदा नाही काय, नुसता ऐकत बसलाय!'' आणि तरी रोज आठच्या सुमाराला हातातले काम टाकून तीच आधी येऊन बसायची.

याच दिग्दर्शकाने याच जोडीला घेऊन २०१० साली 'मुंबई-पुणे-मुंबई' केला होता. त्यात दोन अनोळखी माणसे एक दिवस पुण्यात हिंडतात, पुरत्या चित्रपटात त्यांची नावेही आपल्याला सांगितली जात नाहीत. दुसरा भाग २०१५ मध्ये आला, तेव्हा ती गौरी आणि गौतम झाली. तिसरा २०१८ मध्ये. पहिल्या दिवशीच्या गप्पांपासून संसारापर्यंत पोहोचायला त्या दोघांना आठ वर्षे लागली, असे गमतीने म्हणता येईल. मला तीनही भागांत पहिलाच खरा वाटतो. नाव कळले की माणसे नात्यागोत्यात जाऊन बसतात आणि मग गोष्ट नातेवाइकांची होते. आपल्या पडद्यावरच्या प्रेमाचे पुष्कळदा असे होते.

'दुसरी गोष्ट'च्या त्या सात-आठ महिन्यांत आमच्या भागात भारनियमन जोरात होते. मालिकेचा एखादा महत्त्वाचा भाग आणि वीज जाण्याची वेळ यांची कुंडली जुळलेली असे. मग दुसऱ्या दिवशी दुपारी पुनःप्रक्षेपण पाहायचे, तेव्हाही वीज नसली तर उदगीरच्या बहिणीला फोन करून विचारायचे. ती जे सांगे ते मूळ भागापेक्षा रंगतदार असे. राधाने काय म्हटले यापेक्षा म्हणताना तिचा चेहरा कसा झाला, हे ती सांगे. मला वाटते, लांबलेल्या प्रेमाच्या गोष्टीचे खरे स्थान तेच आहे. एका भागापासून दुसऱ्या भागापर्यंतच्या वेळात, धुणी-भांडी करताना, पेपर तपासताना ती आपल्या मनात चालू राहते. आज मुली एका रात्रीत सहा भाग पाहतात, तेव्हा त्यांना गोष्ट मिळते, हा मधला वेळ मिळत नाही. याबद्दल त्यांना नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही; तो वेळ आम्हीही काही स्वखुशीने घेतलेला नव्हता.

आकर्षण कशाचे, हे स्वतःशी तपासताना मला वारंवार माझ्याच घरी यावे लागते. माझे लग्न २००४ साली ठरवून झाले. पाहण्याचा कार्यक्रम वीस-पंचवीस मिनिटांचा. त्यात मी एकूण चार वाक्ये बोलले असेन आणि त्यांपैकी दोन 'हो' आणि 'नाही' अशी होती. लग्नानंतर पहिले कितीतरी महिने आम्ही एकमेकांना कोणत्याच नावाने हाक मारत नव्हतो. 'ऐकलं का' एवढेच संबोधन दोन्ही बाजूंनी चाले. मी तेव्हा सेट परीक्षेची तयारी करत होते. त्यांनी कधी 'अभ्यास कर' म्हटले नाही, 'कशाला करतेस' असेही नाही. फक्त मी पुस्तक उघडले की टीव्हीचा आवाज कमी होई. परीक्षेला नांदेडला जायचे होते. पहाटेच्या एसटीने बरोबर आले, परीक्षाकेंद्राबाहेर निंबाखाली तिन्ही पेपर होईपर्यंत बसून राहिले. परतीच्या गाडीत त्यांनी पेपर कसा गेला हेही विचारले नाही. अर्ध्या वाटेत म्हणाले, ''ज्ञानेश्वरीवर प्रश्न होता का? मी तिथं बाहेर एकाला विचारलं, ही परीक्षा कशी असते म्हणून.'' मराठीचा गंध नसलेला हा विज्ञानाचा शिक्षक माझ्या विषयाची चौकशी करत दिवसभर बसला होता. त्या दिवसाला मालिकेत पार्श्वसंगीत लागले असते. एसटीत फक्त खिडकीच्या काचा वाजत होत्या.

म्हणून लग्नानंतर फुलणाऱ्या प्रेमाची थट्टा मला करवत नाही. आपल्याकडच्या बहुसंख्य संसारांत क्रम उलटा आहे. शास्त्रकारांनी पूर्वराग आधी आणि मीलन नंतर सांगितले. आमच्याकडे लग्न आधी लागते, आणि पूर्वराग लागलाच तर तो चार-सहा महिन्यांनी, स्वयंपाकघर आणि ओसरी यांच्या मधल्या जागेत, इतरांची नजर चुकवून लागतो. या उलट्या पूर्वरागाला मराठी कादंबरीने फार लवकर ओळखले होते. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः येऊ लागली. म्हणजे तीही त्या काळची मालिकाच. यमुना आणि रघुनाथराव यांचे लहानपणी लागलेले लग्न, तिचे लिहिणे-वाचणे, मुंबईतला त्यांचा छोटा संसार, यांत दोघांची मैत्री जशी हळूहळू होत जाते तसे पतिपत्नीचे नाते त्याआधी मराठीत कोणी रेखाटले नव्हते. पण हरिभाऊ तिथे थांबत नाहीत. रघुनाथराव जातात, आणि ज्या घराने ते लग्न लावले तेच घर यमूचे केशवपन करते. दोन माणसांनी आत कितीही सुंदर काही उभे केले, तरी ज्या व्यवस्थेने त्यांना एका खोलीत ढकलले ती त्यामुळे निर्दोष ठरत नाही, हे हरिभाऊंना १८९० मध्ये कळले होते.

हे सव्वाशे वर्षांनंतरच्या मालिकेला कळले का, ही माझी खरी तक्रार. 'जुळून येती रेशीमगाठी' ही मालिका नोव्हेंबर २०१३ ते सप्टेंबर २०१५ अशी चालली. मेघना (प्राजक्ता माळी) हिचे मन आदित्य नगरकर नावाच्या मुलावर आहे. वडिलांच्या धाकाने तिला आदित्य देसाई (ललित प्रभाकर) याच्याशी लग्न करावे लागते. नाव तेच, माणूस दुसरा. हा दुसरा आदित्य समजूतदार आहे, तिच्यावर कसलीही सक्ती करत नाही, तिला तिच्या मनातल्या माणसापर्यंत पोहोचवण्याचे वचन देतो. आणि मग सावकाश, पायरीपायरीने, ती याच्यात गुंतते. सासू-सासऱ्यांच्या भूमिकेत सुकन्या कुलकर्णी आणि गिरीश ओक. असे घर कोणालाही हवेसे वाटेल. संथपणाच्या दृष्टीने हे काम उत्तम होते. मेघनाचे मन फिरते ते एका प्रसंगाने नव्हे, घरातल्या शंभर किरकोळ गोष्टींनी. मी ती मालिका आवडीने पाहिली आणि रागाने पाहिली, दोन्ही एकाच वेळी.

राग यासाठी, की शेवटी हिशेब वडिलांच्या बाजूने लागतो. मुलीचे ऐकले नाही ते बरेच झाले, नाहीतर तिला असा नवरा मिळाला नसता, असे मालिका शब्दांत म्हणत नाही. पण प्रेक्षक तेच घेऊन उठतो. संथ प्रेमाची सगळी गोडी त्या पहिल्या सक्तीचा कडूपणा झाकायला वापरली जाते. हे मी नुसत्या तर्काने म्हणत नाही. त्याच सुमारास माझ्या वर्गातली एक मुलगी दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर यायची थांबली. लग्न ठरले होते. मुलगी कवितेवर चांगले लिहायची. मी घरी गेले. तिची आई चहा ठेवता ठेवता मला म्हणाली, ''मॅडम, पोरी आधी रडतेतच. त्या मेघनाचं बघा की, झालंच ना समदं नीट?'' मी काय उत्तर देणार? मेघनाचे नीट झाले, कारण तिच्या वाट्याला देसाई यावेत असे लेखकाने ठरवले होते. देवणी तालुक्यातल्या मुलीच्या वाट्याला कोण यावे हे ठरवायला लेखक नसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले, आणि आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर होते. माझी विद्यार्थिनी अठराची तरी झाली होती, यावर समाधान मानावे अशी परिस्थिती.

इथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आमच्या मराठवाड्यात, आणि बाहेरही, लग्न जुळावे म्हणून मुलींना एकनाथांचे 'रुक्मिणीस्वयंवर' वाचायला लावतात. पैठणच्या नाथांनी १५७१ मध्ये काशीला पूर्ण केलेला हा ग्रंथ. मीही मुलगी असताना वाचला आहे, पाटावर बसून, आई समोर वात सारखी करत असताना. पण त्यातली कथा काय आहे? भावाने शिशुपालाशी ठरवलेले लग्न नाकारून रुक्मिणी स्वतः कृष्णाला पत्र पाठवते, त्याची वाट पाहते, आणि भर लग्नघाईतून त्याच्याबरोबर निघून जाते. घरच्यांनी योजलेला नवरा नको म्हणणाऱ्या मुलीची पोथी आपण घरच्यांनी योजलेला नवरा लवकर मिळावा म्हणून वाचून घेतो! त्याआधी महानुभाव कवी नरेंद्राने याच कथेतल्या रुक्मिणीच्या विरहावर ज्या ओव्या रचल्या, त्या एम.ए.ला शिकवताना वर्गात आजही शांतता पसरते. रुक्मिणीचे वाट पाहणे आणि मेघनाचे वाट पाहणे यांत फरक कोणता, असे मी एकदा परीक्षेत विचारावे म्हणते. एकीची वाट तिने स्वतः निवडलेल्या माणसाची आहे. दुसरीला जे पुढ्यात आले त्याची सवय होण्याची.

तैवानच्या त्या मालिकेत मला मोकळे वाटले ते याच कारणाने. यू-चिंग आणि दा-रेन यांना कोणी एका घरात कोंडलेले नाही. प्रत्येक भागात दोघांपैकी कोणीही उठून निघून जाऊ शकते, आणि जातातही. तिला जुना प्रियकर परत भेटतो, त्याच्याही आयुष्यात दुसरी मुलगी येते. उशीर होतो तो त्यांच्या भिडस्तपणामुळे, अहंकारामुळे, मैत्री गमावण्याच्या भीतीमुळे. म्हणजे उशिराची कारणे त्यांच्या स्वभावात आहेत. तीस वर्षांच्या अविवाहित मुलीकडे तिथलेही नातेवाईक 'आता कधी' अशा नजरेने पाहतात, हे पाहून माझ्या विद्यार्थिनींना आपलेपणा वाटला असणार. तिची पगाराची नोकरी आणि 'नाही' म्हणण्याची सोय पाहून हेवाही.

अर्थात तिथे सगळे सोनेच आहे असे नाही. मुलींच्या आग्रहाने मी २००५ सालची 'इट स्टार्टेड विथ अ किस' हीदेखील पाहिली. मूळ जपानी चित्रकथेवरून केलेली. त्यात एक भाबडी मुलगी एका अतिहुशार, तुसड्या मुलामागे वर्षानुवर्षे झुरते आणि तो तिचा पाणउतारा करत राहतो. शेवटी कळते की त्याचेही प्रेम होते. तुसडेपणा म्हणजे खोली, हे समीकरण जगभर चालते असे दिसते. वर्गातल्या एकीने त्याची बाजू घेतली तेव्हा दुसरी म्हणाली, ''असला आपल्या बसमध्ये भेटला असता तर तू चप्पल काढली असतीस.'' समीक्षेत मला याहून नेमके काही म्हणता आले नसते.

राहिले पाणी घालण्याचे. दैनंदिन मालिका आठवड्याचे सहा दिवस चालते आणि लोक पाहतात तोवर चालते. 'चार दिवस सासूचे' २००१ पासून २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांहून अधिक भाग झाले. चार दिवस म्हणता म्हणता बारा वर्षे. अशा यंत्रात पूर्वराग घातला की त्याचे काय होणार? एकदा दोघांनी मनातले बोलून टाकले की गोष्ट संपते, म्हणून बोलू द्यायचे नाही. नायक तोंड उघडतो, तेवढ्यात दारावरची बेल वाजते. चिठ्ठी लिहिली तर ती भलत्याच्या हाती पडते. गैरसमज, अपघात, स्मृतिभ्रंश, अचानक उगवलेली बालमैत्रीण. या उशिराचे कारण पात्रांच्या स्वभावात नसते, जाहिरातींच्या दरात असते, आणि प्रेक्षकाला ते कळते. माझी आई अशा वेळी पडद्याकडे बघून ''आता बोल की रे भाड्या'' असे म्हणत उठायची. 'दुसरी गोष्ट' ऑगस्ट २०१२ मध्ये वेळेवर संपली तेव्हा पुष्कळांना चुटपुट लागली, पण कोणी कंटाळून उठले नव्हते. त्याच नावाच्या धाग्याने पुढे 'तिसरी गोष्ट' आणली गेली, तिच्याविषयी मात्र आमच्या घरात फारसे कोणी बोलले नाही.

आणि आपल्याच मुलखातली गाथा सप्तशती पाहा. प्रतिष्ठानच्या हाल सातवाहनाने संग्रहित केलेल्या त्या प्राकृत गाथांत एकेक पूर्वराग दोन ओळींत संपतो. नदीकाठ, शेत, पाणवठा, एक कटाक्ष, एक सूचक वाक्य. वेळ कमी लागतो, म्हणून ओढ कमी वाटत नाही. उलट जे सांगितलेले नाही ते मागाहून कितीतरी वेळ मनात आटत राहते. संथपणा हा लांबीचा गुण नसावा असे मला त्या वाचताना नेहमी वाटते, आणि पाचशे भाग पाहताना तर खात्रीच पटते.

ती मधेच शिक्षण सोडून गेलेली मुलगी मला मागच्या उन्हाळ्यात देवणीच्या बसस्थानकावर भेटली. कडेवर धाकटा, हाताशी मोठी. मुक्त विद्यापीठातून राहिलेली वर्षे पूर्ण करायची म्हणत होती. मी विचारले, घरचे कसे आहेत? तिने थोडा विचार केला. ''चांगले हैत मॅडम. अजून नावानं हाक मारत नाहीत. पण मी पुस्तक घेऊन बसले की पोरांना बाहेर घेऊन जातेत.'' मग बॅगेतून मोबाइल काढून तिने मला विचारले, तुमच्या वर्गातल्या पोरी त्या चिनी सिरियली बघतात म्हणे, त्यांतली एखादी सांगा, पण लवकर संपणारी सांगा, माझा नेट दीड जीबीच आहे. मी तिला तेरा भागांचीच सांगितली.